नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर तेरा हजार किलोमीटर, मग प्रवास सत्तावीस तासांचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आईबाबा नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे जाणार आहेत. तुम्ही अंतर शोधलंत तर एका साइटवर सुमारे १३,१००, दुसरीवर ८,१४० आणि तिसरीवर ७,०७० असे तीन आकडे मिळाले. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरून भागाकार केला तर साडेचौदा तास येतात. तिकिटांच्या साइटवर मात्र २३ पासून ३४ तासांपर्यंत काहीही दिसतंय. जाण्याचा वेळ वेगळा, येण्याचा वेगळा. एका तिकिटावर तर ज्या तारखेला पहाटे दिल्ली सोडायची त्याच तारखेला सकाळी तिथे पोहोचायचं! यातलं खरं काय, आणि न्यावं कुठल्या मार्गाने?

मी नोकरीभर एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वजन, वाटेतलं हवामान आणि अडचण आली तर कुठे उतरायचं, हे सगळं जमिनीवर बसून ठरवणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. आता नागपुरातच, सोमलवाड्याला राहतो. ओळखीपाळखीचे लोक तिकीट काढण्याआधी पर्याय दाखवायला येतात, त्यामुळे विमानाच्या आतली आणि प्रवाशाच्या बाजूची, दोन्ही गणितं डोळ्यांखालून जातात.

आधी एक स्पष्ट सांगतो. तुम्ही अंतर विचारलंय, पण तुम्हाला हवी आहे ती दुसरीच गोष्ट : आईबाबा घराला कुलूप लावतील तिथपासून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत किती तास, आणि त्यातले किती तास त्यांच्या अंगावर येतील. अंतराचा आकडा त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. कधी कधी उलटी दिशा दाखवतो. कसं, ते सांगतो.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. तिन्ही आकडे एकच अंतर सांगतात. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा साध्या मैलांमध्ये (१.६०९ किमीचा एक), तिसरा नॉटिकल मैलांमध्ये (१.८५२ किमीचा एक). विमान आणि जहाजवाले नॉटिकल मैलच वापरतात, कारण अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल, नकाशावर मोजायला सोयीचं. साइट कुठलीही असो, आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते आधी पाहा. याशिवाय दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसलाच तर तो पृथ्वी अगदी गोल धरली की ध्रुवांशी जराशी चपटी धरली यावरून येतो. तुमच्या कामासाठी तो शून्य समजा.

आता हे १३,१०० किलोमीटर कुठून कुठे जातात, ते बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या नकाशावर नागपूर ते कॅलिफोर्निया ही रेघ पश्चिमेकडे, अरबस्तान-युरोप-अटलांटिक अशी जाताना दिसते. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही ठिकाणांवर दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जाणारच नाही. तो नागपुराहून उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघेल, हिमालय आणि तिबेट ओलांडून मंगोलियाच्या बाजूने सैबेरियात शिरेल, सत्तर अक्षांशाच्याही वर चढेल आणि अलास्काकडून खाली कॅलिफोर्नियात उतरेल. साइट दाखवते ते अंतर या दोऱ्याचं. नागपूर ७९ पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिमेला. दोघं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून जवळची वाट डोक्यावरून, उत्तरेकडून जाते.

यातून नागपूरकरांसाठी एक उपयोगाची गोष्ट निघते. परदेश म्हटलं की आपण सवयीने मुंबईकडे बघतो. पण नागपूर ते दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४००. बेरीज १३,२५०. म्हणजे दिल्ली जवळपास वाटेवरच आहे, शे-दीडशे किलोमीटरचा फेरा. मुंबईमार्गे हिशोब केला तर ६८० अधिक १३,५००, म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर जास्त. आणि दोह्यामार्गे? नागपूर-दोहा २,८५० च्या आसपास, दोहा-सॅन फ्रान्सिस्को १३,०००. एकूण १५,८५०. सरळ रेषेपेक्षा पावणेतीन हजार किलोमीटर जास्त. केवळ अंतरावर गेलात तर दोहा पहिल्याच फेरीत बाद. तो बाद करू नका, कारण पुढे येतंय.

दोऱ्यावरून विमान मात्र कोणीच उडवत नाही. का, ते सांगायला मला आवडतं, कारण आमचं निम्मं काम तेच होतं.

पहिली अडचण तिबेटची. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिक ताबडतोब दहा हजार फुटांपर्यंत खाली येतो, कारण तिथे माणूस ऑक्सिजनच्या मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून लोंबणारे ते पिवळे मास्क काही मोजकी मिनिटंच पुरतात, तेवढ्यात खाली यायचं असतं. तिबेटच्या पठारावर खाली येणार कुठे? जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर, आणि शिखरं त्याहून वर. म्हणून कंपन्या तो पट्टा शक्यतो टाळतात आणि एकतर पश्चिमेने मध्य आशियाकडून किंवा पूर्वेने ब्रह्मदेश-चीनच्या बाजूने वळसा घालतात.

दुसरी अडचण अडीअडचणीला उतरण्याच्या जागेची. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही, ठरलेल्या वेळेत गाठता येईल असा विमानतळ हाताशी ठेवावा लागतो. हा नियम कागदी नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरलं होतं, आणि प्रवाशांना पुढे न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं. मगदान हे गाव तोवर आपल्याकडे किती जणांनी ऐकलं होतं? डिस्पॅचरच्या कागदावर मात्र अशी नावं रोज असतात.

तिसरी अडचण माणसांनी निर्माण केलेली. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी ते टोकियो हे विमान पूर्वी नऊ-साडेनऊ तासांत जायचं, त्याला तेरा तास लागू लागले. भारतीय कंपन्यांवर ती बंदी नाही, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै ते बंदच होतं. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारं विमान आधी गुजरात-अरबी समुद्राकडे खाली येतं आणि मग वर वळतं. आखातातही हेच होऊ शकतं : २३ जून २०२५ ला कतारने काही तास आकाश बंद ठेवलं, तेव्हा जगभरातली विमानं वाटेतून वळली. म्हणून 'या मार्गाला इतके तास' असं मी कोणालाही वर्षभरासाठी सांगत नाही. तिकीट काढाल त्या महिन्यात त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात रोज किती तास हवेत होतं, ते विमानं नकाशावर दाखवणाऱ्या ॲपवर फुकट दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही अंतराच्या साइटपेक्षा खरं.

आता वारा. तुमच्या भागाकारातली खरी गोम इथे आहे. ताशी ९०० हा वेग विमानाचा हवेतला आहे. पण खुद्द हवाच वाहत असते. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातात. समजा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,४०० किलोमीटर. वारा नसेल तर पावणेचौदा तास. सगळ्या वाटेवर सरासरी ८० चा वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग ८२० आणि वेळ पंधरा तासांच्या वर. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९८०, वेळ साडेबारा-पावणेतेरा. अंतर तेच, विमान तेच, फरक अडीच तासांचा. ८ आणि ९ फेब्रुवारी २०२० च्या मधल्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं, एरवी त्याला साडेसहा तास लागतात. वैमानिकाने काही वेगळी करामत केली नव्हती. वादळाचा झोत पाठीशी होता आणि तो पकडता येईल अशी वाट आखली होती.

याहून बोलकं उदाहरण तुमच्याच मार्गाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा दोनेक तास कमी! जपानजवळ जेट स्ट्रीम पाठीवर घेतला की विमान जमिनीवरून ताशी हजाराच्या वर जातं. लांबच्या वाटेने लवकर पोहोचायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आम्ही रोज हेच करायचो : संगणकाला त्या दिवसाचे वारे द्यायचे आणि कमी किलोमीटरची नव्हे, कमी वेळेची आणि कमी इंधनाची वाट काढायची. आज जी वाट गेली तीच उद्या जाईल याची खात्री नसते.

तुमच्या जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का, याचंही उत्तर यातच आहे. पूर्वेकडे जाताना झोत पाठीशी, पश्चिमेकडे जाताना समोर. म्हणूनच जाताना पूर्वेने आणि येताना कधी उत्तरेकडून, ध्रुवाच्या बाजूने, असं होतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, ते याच हिशोबाने.

नागपुरातून या लांब पल्ल्याचं थेट विमान का नाही, असंही तुम्ही विचाराल. यंत्राची अडचण नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरचं विमान रोज उडतं, १३,१०० त्यापुढे काहीच नाही. आपली धावपट्टीही ३,२०० मीटरची आहे. अर्थात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते आणि भरल्या विमानाला उचलायला जड जातं, म्हणून अशी विमानं रात्री सोडतात. खरी अडचण प्रवाशांची : रोज तीनशे माणसं नागपूरहून फक्त सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी नाहीत. रात्री मिहानच्या बाजूला उभं राहून वर पाहिलंत तर दिव्यांची रांग दिसते. ती सगळी देशाच्या मधोमध असलेल्या या गावावरून पुढे जाणारी विमानं. जोडणी घेतल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही.

आणि जोडणी म्हटली की सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळाला, इतिहास आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या पिशव्यांची आपसात अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. तिथे एक फायदा होता : एखादं विमान उशिरा आलं तरी बाकीची त्याच्या पिशव्यांसाठी थांबायची. आईबाबांसाठी दिल्लीचं विमान थांबणार नाही. तुमच्या सगळ्या नियोजनाचा भर इथे हवा.

एवढं लक्षात आलं की तिकिटावरच्या वेळेचे तुकडे करता येतात. तिकिटावर लिहिलेला उड्डाणाचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमानाच्या चाकांखालचे चॉक, म्हणजे चाकं अडवणारे ठोकळे, काढले तिथून पुढच्या विमानतळावर चॉक लावेपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, वर घिरट्या घालणं आणि कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली थोडी सूट, हे सगळं धरलेलं असतं. नागपूर-मुंबई ६८० किलोमीटर, हवेत तास-सव्वा तास, पण तिकिटावर दीड तास किंवा जास्त. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, मग वर रांग लागते. नागपूर-दिल्लीही असंच, पावणेदोन तास धरा. छोट्या पल्ल्यात भागाकार सगळ्यात जास्त चुकतो, कारण चढणं, उतरणं आणि जमिनीवरचं रेंगाळणं यांचा वाटा मोठा असतो.

मग दिल्लीमार्गे हिशोब असा पडतो : घरातून निघून विमान सुटेपर्यंत अडीच तास, दिल्लीपर्यंत पावणेदोन, दिल्लीत पाच, पुढे साडेपंधरा ते सोळा, तिकडे इमिग्रेशन आणि सामान यात दीड. सव्वीस-सत्तावीस तास झाले. यातले उडण्याचे तास फार तर पावणेअठरा. बाकी नऊ तास जमिनीवरचे, आणि तिकिटांच्या साइटवरचा २३ ते ३४ मधला फरक जवळजवळ सगळा या जमिनीवरच्या तासांतला आहे. चौतीस तासांच्या तिकिटातलं विमान हळू उडत नाही, ते तुम्हाला एखाद्या विमानतळावर चौदा तास बसवतं.

आता दोह्याकडे परत येतो. नागपूर-दोहा चार-सव्वाचार तास, पुढे सोळाच्या आसपास. मधला थांबा साडेतीन तासांचा मिळाला तर विमानतळ ते विमानतळ तेवीस-चोवीस तासांत माणूस पोहोचतो. पावणेतीन हजार किलोमीटर जास्त जाऊनही कधी कधी दिल्लीपेक्षा लवकर. आणि वेळेपेक्षा मोठा फायदा दुसराच आहे : इमिग्रेशन नागपुरातच होतं. ओळखीचं गाव, छोटा विमानतळ, लहान रांग, तुम्ही दाराबाहेर उभे, काही अडलं तर फोनवर. परतताना कस्टम्सही नागपुरातच, बॅगा इथल्याच पट्ट्यावर येतात. दिल्ली-मुंबईमार्गे परतलात तर भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि त्या पुन्हा नागपूरसाठी द्यायच्या. सोळा तासांच्या प्रवासानंतर सत्तरीच्या माणसाने तेवीस किलोच्या चार बॅगा ट्रॉलीवर चढवायच्या, ही गोष्ट कुठल्याही अंतराच्या आकड्यात दिसत नाही. नागपूर-दोहा विमान रोज असेलच असं नाही आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते मात्र तिकीट काढताना तपासा.

दिल्ली की दोहा, हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आईबाबा रोज फिरायला जाणारे, इंग्रजी-हिंदीत विचारपूस करणारे असतील, आणि प्रवास फेब्रुवारी ते नोव्हेंबरमध्ये असेल, तर दिल्लीमार्गे थेट विमान चांगलं. दोन लांब झेपांऐवजी एकच लांब झेप घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत मी दिल्ली टाळायला सांगतो. तिथलं धुकं अटळ आहे. मोठी विमानं फार कमी दृश्यमानतेतही उतरतात, पण एकामागून एक उतरण्याचा वेग मंदावतो आणि नागपूरसारख्या ठिकाणाहून येणाऱ्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला सगळ्यात आधी इथेच थांबवून ठेवतात. दोघांपैकी कोणाचे गुडघे दुखत असतील, किंवा पहिलाच परदेश प्रवास असेल, तर दोहा. मुंबई या ठिकाणासाठी माझा तिसरा पर्याय. तीही घ्यायची तर एक नवीन खाचखळगा लक्षात ठेवा : डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. नागपूरहून नवी मुंबईला उतरणारं आणि पुढे सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटणारं, अशी दोन विमानं स्वस्तात दिसली म्हणून जोडू नका. मध्ये अख्खी खाडी आणि मुंबईची वाहतूक आहे.

कुठलाही मार्ग घ्या, एक अट सोडू नका : सगळा प्रवास एकाच पीएनआरवर. घरबसल्या दोन स्वतंत्र तिकिटं काढली की चार-सहा हजार वाचतात, हे खरं. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने तसंच केलं होतं. नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं, पुढच्या कंपनीने त्यांना 'आला नाहीत' असं नोंदवलं, आणि नवी तिकिटं त्या दिवशीच्या भावाने घ्यावी लागली. कायद्याने दुसऱ्या कंपनीचा काही संबंधच नव्हता. एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असती. शिवाय बॅगाही नागपूरपासून थेट शेवटपर्यंत जातात. काउंटरवर बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा : त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एसएफओ, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा कोड, असला पाहिजे. दिल्लीचा कोड मोठा दिसला तर तिथेच थांबून विचारा. थांब्याचा वेळ जाताना साडेतीन-चार तास, दिल्लीमार्गे परतताना पाच, यापेक्षा कमी घेऊ नका. दीड तासाची जोडणी साइट विकते म्हणून ती आईबाबांना झेपतेच असं नाही. व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवून घ्या. चालता येत असलं तरी घ्या, त्यात संकोच नको. रांगा वाचतात आणि दार चुकत नाही. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. इन्सुलिन असेल तर बारा-तेरा तासांच्या घड्याळफरकात डोस कधी, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

राहिलं ते तारखेचं कोडं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची स्थानिक असते. त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करायची नाही, तासांचा एकूण आकडा वेगळा लिहिलेला असतो तो बघायचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे, बाकीच्या दिवसांत साडेतेरा. तोंडी हिशोबाची युक्ती सांगतो : उन्हाळ्यात आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करा आणि सकाळची संध्याकाळ करा, हिवाळ्यात दीड तास वजा करून तेच करा. इथे संध्याकाळचे साडेसात, तर उन्हाळ्यात तिथे त्याच दिवशी सकाळचे सात. आता तुमचं तिकीट पाहा : समजा दिल्लीहून सोमवारी पहाटे चारला सुटलं आणि साडेपंधरा तास लागले. भारतात सोमवार संध्याकाळ साडेसात, तिथे सोमवार सकाळ सात. त्याच तारखेला पोहोचलात! वाटेत तारीखरेषा ओलांडल्याने एक दिवस परत मिळाला, एवढंच.

पण सोमवारी पहाटे चारचं विमान म्हणजे आईबाबांनी नागपूर रविवारी संध्याकाळी सोडायचं. मध्यरात्रीनंतरच्या विमानांत ही चूक फार होते. '१५ तारीख, रात्री १२:४०' असं तिकिटावर असेल तर १४ तारखेला रात्री जेवून निघायचं असतं. १५ तारखेच्या रात्री पोहोचलेला माणूस एक दिवस उशिरा आलेला असतो, आणि कंपनी त्याला पैसे परत देत नाही.

जाताना मिळालेला दिवस येताना परत द्यावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी रात्री नऊला निघालं, तेव्हा इथे मंगळवारचे सकाळचे साडेनऊ. समोरचा वारा धरून साडेसोळा तास, म्हणजे दिल्लीत बुधवारी पहाटे दोन. कस्टम्स, बॅगा, पुन्हा चेक-इन, आणि सकाळच्या विमानाने नागपूर. सोमवारी निघालेली माणसं बुधवारी सकाळी सोनेगावला उतरतात. त्यांना आणायला जो कोणी गाडी घेऊन जाणार आहे, त्याला निघण्याची नव्हे, उतरण्याची तारीख आणि विमानाचा क्रमांक लिहून द्या, आणि त्या दिवशी पहाटे विमान दिल्लीहून सुटलंय का ते ॲपवर बघूनच त्याला घरातून निघायला सांगा.